पाण्याचा पेला कुठे ठेवलाय, ते आधी बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी आई 81 वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जवळजवळ गेलंच. आता ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच कळेल असं बोलते. आतापर्यंत मी आणि दिवसा येणारी एक बाई मिळून तिला घरी सांभाळत होतो. पण तिला उचलून उचलून माझी पाठ गेली आणि दोनदा ती माझ्या हातून घसरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, आता शुश्रूषा केंद्राचा विचार करा. तीन केंद्रं पाहून आले. तिन्हीकडे ऑफिसात बसवलं, माहितीपत्रक दिलं, एक खोली उघडून दाखवली. सगळं स्वच्छ, सगळे गोड बोलणारे. घरी आल्यावर तिघांत फरक काय, ते मलाच सांगता येईना. भाऊ म्हणतो, इमारत नवी आहे तिथे ठेवू. माझं मन घेत नाही. नेमकं बघायचं तरी काय?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आई ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच बोलते. तुमचा शोध इथूनच सुरू करा. ज्याला बोलता येतं तो माणूस तहान लागली की हाक मारतो, गादी ओली झाली की ओरडतो, कुणी तोडून बोललं तर संध्याकाळी मुलीला सांगतो. तुमच्या आईला यातलं काहीच करता येणार नाही. म्हणून केंद्रात गेल्यावर हसून बोलणाऱ्या, कॅरम खेळणाऱ्या आजोबांकडे पाहून मत बनवू नका. सगळ्यात आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून जी व्यक्ती पडलेली असते, जिला काहीच मागता येत नाही, तिच्यापाशी दोन मिनिटं उभ्या राहा. तिची जी अवस्था, तीच त्या केंद्राची खरी पातळी.

मी परिचारिका म्हणून 27 वर्षं काम केलं. त्यातली बरीचशी अंथरुणाला खिळलेल्या माणसांमध्ये गेली. तरी वडिलांसाठी केंद्र निवडताना मी चुकले. मोठ्या खिडक्या, बाहेर झाडं, चकचकीत फरशी बघितली आणि हो म्हणून बसले. त्यांची डावी बाजू गेली होती. नवव्या दिवशी मी न कळवता दुपारी गेले. पलंगाच्या डाव्या अंगाला छोटं टेबल, त्यावर पाण्याचा पेला, वर झाकण, पेला काठोकाठ भरलेला. उजवा हात तिथवर पोचायला माणसाला सगळं अंग वळवावं लागलं असतं. शिवाय डावी बाजू गेलेल्या काहींना डावीकडचं जगच लक्षात येत नाही, तसं वडिलांचं झालं होतं. त्यांच्या लेखी तो पेला तिथे नव्हताच. रोज सकाळी कुणीतरी तो भरायचं, संध्याकाळी ओतून द्यायचं, आणि चार्टवर ‘पाणी दिले’ अशी खूण व्हायची. त्यांची जीभ सुकून चिरा पडल्या होत्या. तिथे त्यांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आज जरा झोपाळलेत.” ती झोप नव्हती, अंगातलं पाणी कमी होऊन आलेली गुंगी होती. सलाईन लावावं लागलं. पायमोजा काढला तर टाचेवर जांभळा काळपट डाग. ती टाच भरून यायला चार महिने गेले.

तेव्हापासून मला कुणीही केंद्राबद्दल विचारलं तर मी आधी पेला बघायला सांगते. पेला चांगल्या हाताच्या बाजूला आहे का? त्या हाताला पोचेल इतका जवळ आहे का? बोलवायची घंटा कुठे आहे? वयाबरोबर तहानेची जाणीवच कमी होते, त्यामुळे “मागितलं की देतो” हे उत्तर पुरत नाही. न मागता, ठरावीक वेळाने, ओठाला लावून पाणी द्यावं लागतं. तुमच्या आईच्या बाबतीत सगळं डाव्या हाताला हवं, हे पहिल्या भेटीतच सांगून बघा. ऐकणाऱ्याने लगेच “गिळायला त्रास होतो का?” असं उलट विचारलं, तर तो माणूस कामातला आहे.

तुम्ही तिन्ही ठिकाणी ठरवून गेलात. आता न ठरवता जा. संध्याकाळी सातला, सुट्टीच्या दिवशी, आणि एकदा तरी जेवणाच्या वेळी. सकाळी अकराला कुठलंही केंद्र बरंच दिसतं, कारण आंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात आणि डॉक्टर येऊन गेलेले असतात. जेवणाची वेळ मात्र लपवता येत नाही. भरवणारी व्यक्ती उभी आहे की बसलेली? उभं राहून भरवलं की खाणाऱ्याची मान वर जाते आणि घास श्वासनलिकेत उतरायचा धोका वाढतो. माणूस ताठ बसवलाय का? पहिला घास गिळला गेला हे पाहूनच दुसरा चमचा पुढे येतो का? जेवणानंतर निदान अर्धा तास बसतं ठेवतात का, की ताट उचललं की लगेच आडवं? आणि तोंड कोण धुतं, कधी धुतं, हे जरूर विचारा. बहुतेक जण विचारतच नाहीत. जपानमधल्या 11 शुश्रूषा केंद्रांत दोन वर्षं चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. जेवणानंतर नियमाने दात आणि तोंड स्वच्छ केलेल्या वृद्धांमध्ये न्यूमोनिया कमी झाला आणि न्यूमोनियाने होणारे मृत्यूही कमी झाले. झटका आलेल्या माणसाच्या लुळ्या गालात घास अडकून राहतो आणि त्याला तो कळतही नाही. मावशींनी गालात बोट घालून तो काढलेला पाहिलात, तर मनात त्या केंद्राला मोठे गुण द्या.

आता बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा. हा प्रश्न सरळ विचारा : “सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहेत, आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले?” “छे, आमच्याकडे कधीच नाही” असं झटकन आलेलं उत्तर मला आवडत नाही. चांगली सिस्टर सांगते, “दोघांना आहेत, एक हॉस्पिटलमधूनच घेऊन आले, दुसऱ्यांचा इथे सुरू झाला, आता भरतोय.” हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबून राहिली की तिथला रक्तपुरवठा थांबतो. म्हणून माकडहाड, टाचा, खुबे आणि घोटे ही पहिली ठिकाणं. गोऱ्या कातडीवर सुरुवातीला लालसर डाग दिसतो. त्यावर बोट दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा झाला तर ठीक, लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं असतं. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा वेगळ्या रंगाची जागा शोधायची. कुणाला धोका किती, हे मोजायला ब्रेडन स्केल नावाची पद्धत 1987 पासून वापरात आहे. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा गोष्टींना गुण देतात. एकूण 23 पैकी 18 किंवा कमी आले तर सावध व्हायचं. केंद्राला याच नावाची पद्धत माहीत हवी असा माझा हट्ट नाही. पण दाखल होताना कातडी नखशिखान्त तपासून लिहून ठेवतात का, हे विचारा.

कूस बदलण्याची नेहमीची वेळ दोन तासांची. चांगली गादी असेल तर काहींना जरा जास्त चालतं, खुर्चीत बसवलं असेल तर मात्र त्याहून लवकर हलवावं लागतं. हवेची गादी आहे म्हणून कूस वळवायची गरज नाही असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. कूस बदलल्याचा चार्ट पलंगाच्या पायथ्याशी असतो. तो वाचा. मी एका ठिकाणी दुपारी तीनला चार्ट उचलला, तर त्यात सहा वाजेपर्यंतच्या खुणा आधीच झालेल्या. एकाच पेनाने, एकाच हाताने, एका ओळीत. त्या चार्टने मला जितकं सांगितलं तितकं तिथल्या व्यवस्थापकांनी अर्ध्या तासात सांगितलं नव्हतं.

वजनाची वहीही अशीच बोलते. दर महिन्याला वजन करतात का? महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन नकळत उतरलं, तर ती धोक्याची खूण मानतात. म्हणजे आई 50 किलोची असेल तर महिन्यात अडीच किलो. उभं राहता न येणाऱ्यांचं वजन कसं करता, असं विचारा. खुर्चीचा काटा आहे की अंदाजे लिहितात, ते कळेल.

माणसं किती, हा सगळ्यात अवघड प्रश्न. “स्टाफ भरपूर आहे” हे सगळेच म्हणतात. अमेरिकन सरकारसाठी 2001 साली झालेल्या मोठ्या अभ्यासात असं निघालं की एका रुग्णामागे दिवसाला केअरटेकरचे सुमारे 2.8 तास मिळाले नाहीत, तर काळजीची प्रत घसरायला लागते. नर्सचे तास यात धरलेले नाहीत, ते वेगळे. आकडा तिथला असला तरी माणसाला धुवायला, भरवायला, वळवायला लागणारा वेळ सगळीकडे तोच, म्हणून हिशेब करून बघायला तो उपयोगी पडतो. 30 पलंग असतील तर 84 तास होतात, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टने दिवसभरात मिळून दहा-अकरा माणसं. तुम्ही पाहिलेल्या केंद्रात तिन्ही पाळ्या मिळून किती जण असतात, हे विचारा आणि भागून बघा. मग विचारा, रात्री दोन वाजता जागं कोण असतं? “ड्युटीवर” आणि “जागं” यात फरक आहे, शब्द नीट वापरा.

जमलं तर व्यवस्थापकांना टाळून एखाद्या मावशींशी बोला. किती वर्षं इथे आहात? रोज तेच पेशंट तुमच्याकडे असतात का? जिथे माणसं टिकतात आणि तीच मावशी रोज त्याच आजींकडे जाते, तिथे न बोलणाऱ्या माणसाचंही कळतं. “या आजींनी पाय आखडला की त्यांना बाथरूमला जायचं असतं” हे फक्त रोजच्या मावशींनाच माहीत असतं. दर आठवड्याला नवा चेहरा येत असेल तर तुमच्या आईचं ‘नको’ कशाला आहे, हे कुणालाच समजणार नाही. मी स्वतः बाकी सगळं बरोबरीचं असेल तर या एका गोष्टीवर निर्णय घेईन.

झटका आलेल्या माणसासाठी आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघा. पलंगावरून खुर्चीत कसं उचलतात? लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढत असतील, तर खांदा निखळून कायमचं दुखणं मागे लागतं. कमरेचा पट्टा, दोन माणसं, आधी “आता उठायचं हं” असं सांगणं, चाकांच्या खुर्चीचे ब्रेक लावणं, हे सगळं एका मिनिटात दिसून येतं. तुमची पाठ ज्या कामाने गेली, ते काम ते लोक कसं करतात हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बांधून ठेवणं आणि गुंगीची औषधं याबद्दल आडपडदा न ठेवता विचारा. पडू नये म्हणून हात किंवा कंबर बांधतात का? बांधल्याने गंभीर इजा टळतात असं दिसलेलं नाही. उलट स्नायू गळतात, जखमा होतात, सुटायच्या धडपडीत गळफास लागल्याचीही उदाहरणं आहेत. दुपारी चारला गेलात आणि दालनात सगळेच मान टाकून झोपलेले दिसले, तर कारण विचारा. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांना शांत ठेवायला मानसिक आजारावरची काही औषधं दिली जातात. त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 सालीच दिला होता. तुमच्या संमतीशिवाय असं औषध सुरू होणार नाही, हे लेखी घ्या. लघवीच्या नळीचंही तसंच. डायपर बदलायचे कष्ट वाचावेत म्हणून नळी घालू देऊ नका, त्यातून जंतुसंसर्ग होतो.

भावाच्या नव्या इमारतीबद्दल थोडंच लिहिते. पलंगापासून बाथरूमपर्यंत धरायला दांडी, न घसरणारी फरशी, रात्री मंद दिवा आणि आडव्या माणसाला नेता येईल एवढी लिफ्ट, इतकं असेल तर इमारत जुनी असली तरी चालेल. वासाकडे लक्ष असू द्या. एखाद्या पलंगापाशी लघवीचा वास आला तर समजण्यासारखं आहे, कुणाचं तरी नुकतंच झालं असेल. भरदुपारी सगळ्या व्हरांड्यात तो वास असेल, किंवा तो झाकायला जंतुनाशकाचा उग्र दर्प असेल, तर परत फिरा. करारात डायपर, फिजिओथेरपी, औषधं, हॉस्पिटलच्या फेऱ्या महिन्याच्या रकमेत धरल्यात की वेगळ्या, आणि मध्येच आईला नेलं तर ठेव कधी परत मिळते, हे वाचूनच सही करा. डॉक्टर किती दिवसांनी येतात आणि रात्री काही झालं तर तुम्हाला फोन कोण करतं, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

निवड झाली की आधी पंधरा दिवसांसाठी ठेवायची सोय मागा. आणि एक पान लिहून पलंगाशी लावा. आईला कोणत्या नावाने हाक मारायची, कोणत्या कुशीवर झोप लागते, चष्मा कोणता, ‘नको’ म्हणताना ती मान हलवते की डोळे मिटते, कशाने घाबरते. तिला निवडीची छोटी संधी देतात का, हेही बघा, म्हणजे कोणती साडी, आधी आंघोळ की आधी चहा. 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका शुश्रूषा केंद्रात काही वृद्धांना स्वतःचे छोटे निर्णय घेऊ दिले आणि सांभाळायला एकेक रोपटं दिलं. ते इतरांपेक्षा जास्त तरतरीत आणि आनंदी राहिले. तुमच्या आईकडे ‘हो’ आणि ‘नको’ हे दोन शब्द उरले आहेत. तिला ते दिवसातून दहा वेळा वापरायला मिळतील, अशी जागा शोधा.

प्रश्न : माझे वडील चार महिन्यांपासून एका केंद्रात आहेत. डिमेन्शियामुळे त्यांना काही सांगता येत नाही. गेल्या पंधरवड्यात त्यांच्या दंडावर दोनदा निळे डाग दिसले. विचारलं तर राग वडिलांवर निघेल, अशी भीती वाटते. काय करू?
— एक मुलगा

उत्तर : विचारा, आणि आजच विचारा. भीती खरी आहे, मी ती खूप घरांत पाहिली आहे. पण ज्याच्याकडे येऊन विचारणारं कुणी आहे, त्याच्याकडे केंद्रात जास्त लक्ष दिलं जातं, हेही मी पाहिलं आहे.

म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जरा टेकलं तरी निळं पडतं. मनगटापासून कोपरापर्यंत आणि नडगीवर असे डाग बहुधा आपटल्याचेच असतात. दंडाच्या आतल्या बाजूला, दोन्ही दंडांवर सारखेच, बोटांच्या ठशांसारखे, किंवा पाठीवर, छातीवर असतील तर मात्र आपटलं हे उत्तर स्वीकारू नका. डागाचा तारखेसह फोटो काढा. मुख्य सिस्टरकडे जा आणि आरोप न करता दिसलं ते सांगा : “मंगळवारी इथे काही नव्हतं, शुक्रवारी आहे. मधल्या काळात काय झालं?” चांगल्या केंद्रात घटनांची वही असते, त्यात नोंद असते, नसली तर त्या स्वतः शोध घेतात आणि तुम्हाला कळवतात. उत्तर लेखी मागा. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर डॉक्टरांकडून वडिलांची पूर्ण तपासणी करून घ्या.

पुढचे दोन आठवडे वेगवेगळ्या वेळी जा, कपडे बदलायच्या आणि आंघोळीच्या वेळीसुद्धा. एखादी व्यक्ती जवळ आली की वडील अंग आखडून घेत असतील, हात डोक्यावर नेत असतील, तर त्यावर विश्वास ठेवा. आठवण गेली तरी शरीराला भीती लक्षात राहते. त्या व्यक्तीला त्यांच्याकडून हलवायला सांगा. ते झालं नाही, किंवा तिसऱ्यांदा डाग दिसला, तर पुराव्याची वाट न बघता वडिलांना तिथून काढा आणि तक्रार बाहेर पडल्यावर करा. निघताना औषधांची यादी, चार्टच्या प्रती आणि शेवटच्या वजनाची नोंद बरोबर घ्या. नव्या ठिकाणच्या सिस्टरला पहिल्या रात्री या तीनच गोष्टी लागतात.